पंचनाम्यात चार नंबरला

मी सेंट्रिंगवाला.
माझं काम काढून घेतल्यावरच घर उभं राहतं.
पर्वरीच्या उतारावर सात मजले आहेत,
त्यातल्या प्रत्येक छताखाली एकवीस दिवस मी उभा होतो,
म्हणजे माझे टेकू, माझ्या प्लेटा,
बागलकोटचा यमनूर आणि त्याचे दोन मेहुणे.
आता तिथे माणसं राहतात.
पंख्याकडे बघतात, छताकडे कुणी बघत नाही.

लवाद म्हणून बसले केंकरे, निवृत्त अभियंता.
मोजवहीचं पान न् पान त्यांनी वाचलं,
माझ्या अक्षराला हसले,
म्हणाले, आकडे मात्र खरे आहेत.
चौदा लाख बत्तीस हजार, वर व्याज.
त्या दिवशी म्हापशाच्या बाजारात
मी भाव न करता चोणक घेतला.
बायकोने विचारलं, पैसे आले?
म्हटलं, निवाडा आला.
तिने मासा धुतला. बराच वेळ धुतला.

मला वाटायचं, जिंकणं आणि मिळणं
ही एकाच क्रियापदाची रूपं.
वकीलबाई म्हणाल्या, आता दरखास्त.

बिल्डरच्या खात्यात एकशे सहा रुपये.
गाडी भाच्याच्या नावावर.
फ्लॅट सगळे विकलेले, शेवटचा आमच्याच केसची तारीख होती त्या आठवड्यात.
राहतं घर? त्याची बायको अर्ज घेऊन उभी राहिली:
अर्धं माझं आहे.
खोटं नव्हतं. आमच्याकडे लग्न झालं की अर्धं-अर्धं,
पोर्तुगीज गेले, कायदा मागे ठेवून गेले.
त्या हिशेबाने चौदातले सात माझ्या बायकोचे.
घरी येऊन तिला सांगितलं.
ती म्हणाली, माझे सात आधी आण.

यमनूरचा फोन दर अमावास्येला.
पैशाचं कधी काढत नाही.
साहुकार, तब्येत बरी? इतकंच.
मागितले असते तर ओरडता तरी आलं असतं.

शेवटी बेलीफ कायतान आला, स्कूटरवरून.
लाख म्हणाल तर त्याच्या डिक्कीत होती,
लाल, सील करायची.
ऑफिसात एक टेबल, आणि काचेच्या पेटीत तीन मासे.
जिवंत वस्तू मी घेत नाही, कायतान म्हणाला.
मग सुकूरचं गोदाम. कुलूप तोडलं.
तो सांगायचा, पंच माना डोलवायचे:
एक, मिक्सर, चाक नाही.
दोन, जनरेटर, बंद.
तीन, संगमरवराचे तुकडे, किरकोळ.
चार, लोखंडी प्लेटा, गंजलेल्या, नग दोनशे बारा.

कोपऱ्यात हिरव्या रंगात 'धु' होतं.
धुळापकर मीच. ब्रश माझ्या मुलीच्या शाळेचा.
सात वर्षं मला सांगत होते, प्लेटा चोरीला गेल्या.
म्हटलं, ह्या माझ्या.
असतील, कायतान म्हणाला, आता कोर्टाच्या.

वकीलबाईंनी चष्मा काढला.
दोन रस्ते आहेत.
आपल्याच दरखास्तीत आपणच हरकत घ्यायची, दोन वर्षं.
नाहीतर लिलावात बोली लावायची,
पण धनकोला बोलीसाठीही परवानगीचा अर्ज लागतो.
मी अर्जावर सही केली.
मजकूर वाचला नाही. कुणाची वस्तू कुणाला,
हे इतक्या नीट मराठीत लिहिलेलं बघवलं नसतं.

गुरुवारी लिलाव.
यमनूरला बोलावलंय, उचलायला हात हवेत.
गाडीभाड्याचं त्याने विचारलं नाही,
मीच विचारलं, आणि मग दोघंही गप्प.

त्या दिवशी गोदामातून निघताना
एक प्लेट उलटी करून बघितली.
तोंडावर चौथ्या मजल्याचं सिमेंट तसंच होतं,
तळहाताएवढं.
नखाने खरवडलं. निघेना.
पक्कं धरलंय, कायतान म्हणाला,
आणि ते त्याने लिहून घेतलं नाही.